कारागृहातील रुग्ण आणि औषधतज्ज्ञाची सेवा

गेली काही वर्षे तुरुंगसेवेच्या निमित्ताने आमचे एका कारागृहात जाणे-येणे आहे. नाताळ व ईस्टर या सणांच्या सुमारास तर तेथे आवर्जून जाणे होते. बंदी बांधव आमच्याशी बोलतात ते बहुधा घराविषयी, खटल्याच्या पुढील तारखेविषयी, जामिनाविषयी. एकदा मात्र एका तरुणाने वेगळाच प्रश्न विचारला, “फादर, माझ्या गोळ्या केव्हा मिळतील?” त्याच्या कपाळावर ताजे टाके होते.

चौकशी केली तेव्हा सारी हकीकत समजली. त्या तरुणाला लहानपणापासून फिट येण्याचा आजार होता. घरून निघताना आईने त्याच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. पुडीवर औषधाचे नाव नव्हते आणि डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत नव्हती. साहजिकच दारावरच्या झडतीत ती पुडी बाजूला ठेवण्यात आली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. कसल्या गोळ्या आहेत हे ठाऊक नसताना त्या आत जाऊ देणे पहाऱ्यावरच्या शिपायाला शक्यच नव्हते. तिसऱ्या रात्री बराकीत त्या तरुणाला जोराची फिट आली आणि गजावर आपटून त्याचे कपाळ फुटले. फिटवरील औषध एकाएकी बंद झाले की असे घडण्याचा धोका फार मोठा असतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे.

त्या तुरुंगात डॉक्टर होते, दवाखाना होता, औषधांचे कपाटही होते. मग अडले कोठे? पुडीतील गोळी ओळखणे, तिची मात्रा किती ते विचारणे, घरी किंवा गावच्या डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेणे आणि त्याच दिवशी तुरुंगातील साठ्यातून तेच औषध सुरू करून देणे, हे काम नेमके कोणाचे, हेच ठरलेले नव्हते. काही देशांत हे काम एका विशिष्ट व्यक्तीवर सोपविलेले असते. तिला ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ असे म्हणतात. आपल्या वाचकांना हे नाव कदाचित नवीन वाटेल. म्हणून या सेवेचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे कोण?

आपल्याकडे फार्मासिस्ट म्हटले की मेडिकल दुकानातील व्यक्ती डोळ्यांपुढे येते. चिठ्ठी वाचून औषध काढून देणे आणि हिशेब ठेवणे, एवढेच तिचे काम असा आपला समज असतो. जुन्या पिढीला ‘कंपाउंडर’ हा शब्द अधिक परिचयाचा आहे. ही सेवाही मोलाचीच आहे. परंतु क्लिनिकल फार्मासिस्टचे लक्ष औषधाच्या बाटलीपेक्षा रुग्णावर अधिक असते. या रुग्णाला हे औषध खरोखर हवे आहे काय? त्याच्या मूत्रपिंडाला व यकृताला ही मात्रा झेपेल काय? आधीच्या औषधाशी नव्याचे भांडण तर होणार नाही ना? आणि दिलेले औषध तो खरोखर घेतो काय? असे प्रश्न तो विचारतो, डॉक्टरांशी चर्चा करतो आणि गरज भासल्यास बदल सुचवितो. ब्रिटनमध्ये २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना स्वतः औषधे लिहून देण्याचाही अधिकार आहे.

भारतात ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तो याच प्रकारच्या रुग्णसेवेची तयारी करून घेण्यासाठी. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनीही रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य मानले आहे. म्हणजे ही कल्पना आपल्या देशाला सर्वस्वी अपरिचित नाही. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे ती फारशी पोहोचलेली नाही, एवढेच.

इंग्लंडमधील वाटचाल

तुरुंगातील औषधसेवेची शिस्त कशी घडत जाते, हे समजण्यासाठी इंग्लंडचे उदाहरण उपयोगी आहे. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड हे बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाले. आपल्या अखत्यारीतील तुरुंग पाहण्यास ते स्वतः गेले. निर्दोष सुटलेली माणसेही केवळ तुरुंगाधिकाऱ्याचे शुल्क भरता येत नाही म्हणून आतच खितपत पडलेली त्यांना आढळली. अंधार, घाण व उवा यांमुळे पसरणाऱ्या ‘तुरुंगतापा’ने, म्हणजे टायफसने, बंदी मरत होते. हॉवर्ड यांनी ब्रिटिश संसदेपुढे साक्ष दिली आणि १७७४ मध्ये बंदिजनांच्या आरोग्याविषयी कायदा झाला. भिंतींना चुना लावावा, आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या असाव्यात आणि पगारी शल्यवैद्य किंवा अपॉथेकरी, म्हणजे त्या काळचा औषधवैद्य, नेमावा असे त्यात सांगितले होते. तुरुंगात औषध जाणणारी व्यक्ती असावी हा विचार अशा रीतीने अडीचशे वर्षे जुना आहे.

पुढे १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. परंतु तुरुंग तिच्या कक्षेबाहेर राहिले. तुरुंगातील डॉक्टर तुरुंग खात्याचेच नोकर होते. १९९६ मध्ये मुख्य तुरुंग निरीक्षक सर डेव्हिड रॅम्सबॉथम यांनी एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. हा मनुष्य आधी रुग्ण आहे की आधी कैदी, असा त्याच्या शीर्षकातच सवाल होता. त्यानंतर चक्रे फिरली. २००३ मध्ये तुरुंगांतील औषधसेवेविषयी स्वतंत्र शासकीय अहवाल आला. केवळ औषधांच्या पेट्या पोहोचविणारी व्यवस्था पुरेशी नाही, रुग्णाकडे पाहणारी औषधसेवा हवी, ही त्याची दिशा होती. एप्रिल २००६ पर्यंत इंग्लंडमधील सरकारी तुरुंगांच्या आरोग्यसेवेची जबाबदारी राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे आली.

जागतिक पातळीवर १७ डिसेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बंदिजनांच्या वागणुकीचे सुधारित किमान नियम स्वीकारले. त्यांना ‘नेल्सन मंडेला नियम’ असे नाव दिले आहे. समाजातील इतरांना जी आरोग्यसेवा मिळते त्याच दर्जाची सेवा बंद्यांना विनामूल्य मिळावी आणि क्षयरोग, एच.आय.व्ही. व व्यसनमुक्ती यांचे उपचार खंडित होऊ नयेत, असे २४ वा नियम सांगतो. स्वतः मंडेला यांना १९८८ मध्ये पोल्समूर तुरुंगात असताना क्षयरोग झाला होता. वेळीच निदान व उपचार झाले म्हणून ते वाचले, आणि पुढे त्यांच्या देशाला राष्ट्राध्यक्ष लाभला.

उपचार ‘खंडित होऊ नयेत’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. तुरुंगात औषध तीन ठिकाणी तुटण्याची भीती असते : आत येताना, आत राहताना आणि बाहेर पडताना. या तिन्ही ठिकाणी क्लिनिकल फार्मासिस्ट कसा उपयोगी पडतो ते आता पाहू.

पहिला टप्पा : प्रवेशद्वार

अटक ही ठरवून होत नाही. मनुष्य कामावरून, रस्त्यावरून किंवा अंथरुणातून उठवून नेला जातो. सोबत औषधे असतातच असे नाही. असली तरी नावे आठवत नाहीत. त्यातच भीती, लाज आणि काहींच्या बाबतीत नशा उतरल्याची तडफड. अशा अवस्थेत त्याने दिलेली माहिती अपुरी असणारच.

इंग्लंडमध्ये २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार नव्या बंद्याची पहिली आरोग्यतपासणी, त्याला कोठडी देण्यापूर्वी, आल्याच दिवशी व्हावयास हवी. दुसरी सविस्तर तपासणी सात दिवसांच्या आत व्हावी आणि तोपर्यंत औषधांचा ताळमेळही पूर्ण झालेला असावा. ताळमेळ याचा अर्थ असा, की बंदी सांगतो ती औषधे, त्याच्या सामानात सापडलेली औषधे आणि बाहेरच्या डॉक्टरांच्या दप्तरी असलेली औषधे या तिन्ही याद्या शेजारी ठेवून खरे काय ते ठरवायचे. फार्मासिस्ट किंवा त्याच्या हाताखालील प्रशिक्षित सहायक हे काम करतात.

काही औषधांच्या बाबतीत सात दिवस थांबणेही परवडत नाही. फिटवरील गोळ्या, इन्सुलिन, एच.आय.व्ही.ची औषधे, रक्त पातळ ठेवणारी औषधे, काही मनोविकारांवरील औषधे आणि दम्याचा पंप यांचा एखादा डोस चुकला तरी जीवावर बेतू शकते. अशा औषधांची यादी आधीच तयार ठेवून त्यांचा साठा रात्रीच्या वेळीही हाताशी राहील अशी तजवीज करणे हे औषधतज्ज्ञाचेच काम. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या तरुणाच्या गोळ्या या यादीत अगदी वर आल्या असत्या.

दुसरा टप्पा : भिंतींच्या आत

तुरुंगात औषध हे केवळ औषध नसते. ते चलनही असते. झोप आणणारी किंवा गुंगी देणारी गोळी तंबाखूच्या, खाऊच्या किंवा संरक्षणाच्या मोबदल्यात विकली जाते. दुबळ्या बंद्याला धमकावून त्याची गोळी काढून घेतली जाते. काही जण गोळी गालात दडवून नंतर बाहेर काढतात. मज्जातंतूंच्या वेदनांवरील प्रीगॅबलिन व गॅबापेंटिन या औषधांचा असा दुरुपयोग ब्रिटनमध्ये इतका वाढला, की एप्रिल २०१९ पासून ती नियंत्रित अमली द्रव्यांच्या वर्गात टाकावी लागली.

यावर दोन सोपे उपाय सुचतात. सर्वांची औषधे काढून घेऊन प्रत्येक गोळी खिडकीवर उभे करून गिळायला लावायची, हा एक. किंवा संशयित औषधे सरसकट बंदच करायची, हा दुसरा. दोन्ही उपायांत रुग्णाचे नुकसान आहे. पहिल्यात शेकडो माणसांची रांग लागते आणि डोस चुकतात. दुसऱ्यात खरोखरीचा वेदनाग्रस्त मनुष्य तळमळत राहतो. म्हणून इंग्लंडमध्ये प्रत्येक रुग्णाचा व प्रत्येक औषधाचा धोका वेगवेगळा तोलला जातो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या समंजस बंद्याला सात किंवा अठ्ठावीस दिवसांचे औषध स्वतःजवळ ठेवू दिले जाते. त्यामुळे सुटल्यावर स्वतःचे औषध स्वतः घेण्याची सवयही टिकून राहते. जो आत्महत्येच्या विचाराने ग्रासला आहे, त्याच्याजवळ मात्र साधी पॅरासिटॅमॉलची पाकिटेही साठू दिली जात नाहीत. दम्याचा पंप किंवा हृदयविकाराचा फवारा अशी तातडीची औषधे सहसा रुग्णापाशीच ठेवतात. कारण कोठडीचे दार उघडेपर्यंत श्वास थांबत नाही.

दुसरी अडचण वेळेची. तुरुंगाचा दिवस पहारेकऱ्यांच्या पाळ्यांनुसार चालतो. संध्याकाळी लवकर कोठड्या बंद होतात. मग रात्री झोपताना घ्यावयाची गोळी दुपारी चार वाजता दिली जाण्याचा प्रसंग येतो. परिणामी रुग्ण संध्याकाळी पेंगतो आणि मध्यरात्री टक्क जागा होतो. मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन घेतले आणि जेवणाला उशीर झाला, तर बंद कोठडीत साखर उतरून ती बेशुद्ध पडू शकते. पार्किन्सनच्या आजारात गोळी तासभर उशिरा मिळाली तरी अंग ताठरते, हात थरथरतो, घास गिळणे कठीण होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘दिवसातून तीन वेळा’ एवढेच लिहिलेले असते. त्या तीन वेळा तुरुंगाच्या वेळापत्रकात कशा बसवायच्या, की औषधाचा प्रकारच बदलून दिवसातून एकदा घ्यावयाचे औषध सुचवायचे, हा विचार फार्मासिस्ट करतो. त्यासाठी त्याला डॉक्टरांशी जसे बोलावे लागते तसेच तुरुंगाधिकाऱ्यांशीही.

तिसरे उदाहरण ज्ञानाचे आहे. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनिया या मनोविकारावरील प्रभावी पण जपून वापरावयाचे औषध आहे. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत हे औषध वेगाने निकामी करते, म्हणून धूम्रपान करणाऱ्या रुग्णाला त्याची मात्रा जास्त लागते. २०१८ पर्यंत इंग्लंडमधील सर्व बंदिस्त तुरुंग धूम्रपानमुक्त करण्यात आले. निर्णय आरोग्याच्या दृष्टीने चांगलाच होता. परंतु कालपर्यंत बाहेर सिगारेट ओढणारा रुग्ण तुरुंगात आला आणि त्याची मात्रा तीच ठेवली, तर काही दिवसांतच त्याच्या रक्तातील क्लोझापिन वाढून विषबाधा होऊ शकते. निकोटिनचा पट्टा लावूनही हे टळत नाही; कारण हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असतो. सुटकेनंतर तो पुन्हा सिगारेट ओढू लागला, की उलट घडते : औषध कमी पडते आणि आजार उसळतो. हे आधी ओळखून रक्ततपासणी करविणे व मात्रा बदलण्यास सांगणे, यालाच क्लिनिकल फार्मासिस्टची सेवा म्हणतात. कपाट कितीही भरलेले असले तरी हे ज्ञान कपाटात नसते.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे असा याचा अर्थ नव्हे. तेथील तुरुंगांतही गर्दी आहे, पहारेकरी अपुरे पडतात, रुग्णाला दवाखान्यात आणायला माणूस नसतो म्हणून तपासण्या रद्द होतात आणि औषधाच्या खिडकीपुढे रांगा लागतात. पण जबाबदारी कोणाची, हे तेथे ठरलेले आहे. चूक झाली तर विचारणा कोणाकडे करायची हे ठाऊक आहे.

तिसरा टप्पा : सुटकेचा दिवस

सुटकेचा दिवस आनंदाचा. पण आरोग्याच्या दृष्टीने तो अत्यंत धोक्याचा असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत १२.७ पट होता, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका तर १२९ पट. कारण समजण्यास कठीण नाही. तुरुंगातील काळात शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन मनुष्य पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास बंद पडतो.

हे मृत्यू टाळता येतात. स्कॉटलंडने २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. अफूजन्य पदार्थांची अतिमात्रा झाल्यास तिचा परिणाम तात्पुरता उलटविणारे नॅलोक्सोन हे औषध सुटणाऱ्या बंद्यांना शिकवणीसह सोबत देण्यात येऊ लागले. अशा पदार्थांमुळे झालेल्या एकूण मृत्यूंपैकी तुरुंगातून सुटल्यानंतरच्या चार आठवड्यांत झालेल्या मृत्यूंचे प्रमाण आधी ९.८ टक्के होते. कार्यक्रमाच्या पहिल्या तीन वर्षांत ते ६.३ टक्क्यांवर आले. इंग्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तुरुंगात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार चालू ठेवलेल्या व्यक्तींत सुटकेनंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी आढळले.

या आकड्यांच्या मागे साधीच कामे आहेत. कोण केव्हा सुटणार ते आधी पाहणे, काही दिवसांची औषधे बांधून देणे, त्यांची यादी बाहेरच्या डॉक्टरांना पाठविणे, बाहेरच्या कोणत्या औषधालयात पुढचा डोस मिळेल ते ठरविणे. पण न्यायालयाने एखाद्याला अचानक जामीन दिला, तर तो थेट तेथूनच घरी जातो आणि औषधे तुरुंगातच राहतात. म्हणूनच पूर्वतयारी आवश्यक असते.

आपल्या देशात

भारतीय कारागृहांच्या अधिकृत आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. क्षमता होती ४,३६,२६६ एवढी. त्यांच्यापैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. ‘गुन्हेगारांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उमटला असेल, तर हा आकडा त्यांनी पुन्हा वाचावा ही विनंती. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची; औषध काढून घेण्याची नव्हे. १९९६ मध्ये राममूर्ती खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय तुरुंगांच्या ज्या नऊ समस्या मांडल्या, त्यांत आरोग्य व स्वच्छतेची हेळसांड ही एक होती. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर ३०० बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी असावा असे म्हटले आहे. जेथे डॉक्टरांचीच वाण आहे, तेथे औषधतज्ज्ञाची गोष्ट कोण काढणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमचे मत याच्या उलट आहे. डॉक्टर कमी आहेत म्हणूनच त्यांच्या चिठ्ठीवर लक्ष ठेवणारी दुसरी जाणकार नजर अधिक गरजेची आहे.

आपल्याकडील एक नित्याची परिस्थिती पाहा. दाटीच्या बराकीत क्षयरोग पसरतो. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे मुख्य औषध यकृताला इतर अनेक औषधे वेगाने निकामी करायला लावते. रुग्णाला एच.आय.व्ही.ही असेल आणि तो डोल्युटेग्रॅव्हिर घेत असेल, तर त्याला दिवसातून एकाऐवजी दोनदा गोळी द्यावी लागते. तो मेथाडोनवर असेल, तर एकाएकी अंग मोडून येणे, उलट्या, तडफड अशी लक्षणे सुरू होतात आणि पहाऱ्यावरच्याला वाटते की हा सोंग करतो आहे. क्षयरोगाचा उपचार अर्धवट सुटला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि ते तुरुंगाच्या भिंतीआड राहत नाहीत. तेथील शिपाई, भेटीला येणारी आई, सुटल्यानंतर शेजारी बसणारा प्रवासी, सर्वांपर्यंत ते पोहोचतात. तुरुंगाचे आरोग्य हे अखेर गावाचेच आरोग्य आहे.

आशेच्या गोष्टीही आहेत. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ पासून व्यसनी बंद्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले. क्षयरोग व एच.आय.व्ही. यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांनी तुरुंगांत तपासण्या सुरू केल्या. नव्या शिक्षणाने तयार झालेले तरुण फार्मासिस्ट आता आपल्या राज्यात मोठ्या संख्येने आहेत.

येथे फादर स्टॅन स्वामी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पार्किन्सनने ग्रस्त असलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. हाताच्या थरथरीमुळे पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ व सिपरसाठी त्यांना त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना, वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांच्या वादात आम्ही या लेखात शिरत नाही. आम्ही एवढेच लक्षात आणून देतो, की पाणी पिण्याची नळी ही आजाऱ्याची गरज आहे, आणि अशा गरजेचा निर्णय न्यायालयाच्या पायरीवर नव्हे, रुग्णाच्या खाटेपाशी व्हावयास हवा. फादर स्टॅन यांच्यासाठी बोलणारे पुष्कळ होते. ज्यांच्यासाठी कोणीच बोलत नाही असे आजारी बंदी किती असतील?

आपण काय करू शकतो?

तुरुंगव्यवस्था बदलणे हे शासनाचे काम आहे. परंतु काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

घरात कोणी नियमित औषधे घेत असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि औषधांची नावे, मात्रा व वेळा यांची यादी घरी तयार ठेवावी. अटकेच्याच नव्हे, अपघाताच्या प्रसंगीही ती उपयोगी पडते. गोळ्या पुडीत न बांधता मूळ पाकिटातच ठेवाव्यात.

आप्त तुरुंगात असेल तर औषधे चोरून आत पाठविण्याचा प्रयत्न कदापि करू नये. चिठ्ठी व यादी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्यावी आणि त्यांची पोच घ्यावी. उपचार मिळत नसल्यास वकिलामार्फत न्यायालयाच्या निदर्शनास आणावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोठडीतील व्यक्तीस विनामूल्य वकील देते. १९८७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे.

आपल्या धर्मग्रामांत फार्मासिस्ट आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत. तुरुंगसेवेच्या गटात आपण गायक व प्रवचनकार आवर्जून घेतो. त्यांच्यासोबत एखादा औषधतज्ज्ञही घ्यावा असे आम्हाला वाटते. कारागृह अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली, बंद्यांना क्षयरोगाच्या गोळ्यांचे महत्त्व समजावून सांगणे किंवा सुटणाऱ्या बांधवाला गावच्या सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत करणे, एवढे तर नक्कीच करता येईल. भारतीय चर्चमध्ये १९८१ पासून चालत आलेल्या तुरुंगसेवेच्या कार्याला याची जोड लाभावी. आणि फार्मसीचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या तरुण-तरुणींनी, दुकान व परदेश यांच्या पलीकडेही आपल्या विद्येची कोणीतरी वाट पाहत आहे, हे ध्यानात ठेवावे.

अंतिम न्यायाविषयी बोलताना प्रभू येशूने आजारी व बंदिवान यांना एकाच यादीत घातले आहे. तुरुंगातील रुग्ण त्या यादीत दोनदा येतो.

त्या तरुणाच्या गोळ्यांचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याच्या आईने चिठ्ठी शोधून काढली, आम्ही ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना नेऊन दिली आणि त्यांनी त्याच संध्याकाळी औषध सुरू केले. पुढच्या भेटीत त्याच्या कपाळावरचे टाके निघालेले होते. तो आमच्याशी घराविषयी बोलला, खटल्याच्या पुढील तारखेविषयी बोलला. गोळ्यांविषयी त्याने काहीच विचारले नाही.